माळ्यावरचे ४१ बोर्ड गेम्स व्यसनमुक्ती केंद्राला द्यायचे आहेत. घेतील का? कुठले द्यावेत?

सहावा_भिडू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय.

२०१२ ते २०२० आम्ही सहा जण दर रविवारी संध्याकाळी कोथरूडला माझ्या घरी बोर्ड गेम्स खेळायचो. मग करोना आला. त्यानंतर दोघं कॅनडाला गेले, एक बंगळूरला, आणि अड्डा मोडला तो मोडलाच. खोकी मात्र माझ्याकडे राहिली. परवा घरात दिवाळीची आवराआवर निघाली आणि सगळा ऐवज माळ्यावरून खाली आला. मोजला तर ४१ भरला! कॅटन, तिकीट टु राइड, पॅन्डेमिक, डिक्सिट, कोडनेम्स, स्क्रॅबल, जेंगा, दोन उनो, शिवाय लहानपणीचे व्यापार आणि सापशिडी. तीन-चार खोक्यांच्या कडांना बुरशी आहे, पण आतला माल ठीक आहे. कॅटनमध्ये निळ्या रंगाचा एक रस्ता (म्हणजे काडीसारखी सोंगटी) कमी आहे, त्याच्या जागी आम्ही आगकाडी वापरायचो.

विकायचे नाहीत. दारू सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत असं मनात आहे. शाळा किंवा अनाथाश्रम सुचवू नका प्लीज, ते ठरवूनच बाजूला ठेवलंय. अशा ठिकाणी हे घेतात का? उपयोग होतो का? की आपण नुसतीच अडगळ पाठवतो?

पेठेतली_पाल

शेवटच्या वाक्यात उत्तर तुम्हीच दिलंय. आमच्या वाचनालयाला लोक "दान" म्हणून जे आणून देतात ते पाहिलंत तर दान या शब्दावरून मन उडेल. दहावीची गाईडं, पानं गळालेले दिवाळी अंक, एकदा तर कुणाच्यातरी लग्नाचा अल्बम. आधी फोन करा, काय हवंय ते विचारा, मग खोकं बांधा. बुरशीवाली खोकी घरच्या घरी उन्हात घाला. दुसऱ्याच्या कपाटात बुरशी पाठवणं हे दान नव्हे.

झब्बूशेठ

पत्त्यांचे दोन कॅट द्या. विषय संपला. बाकी ३९ खोक्यांचे नियम कोण वाचणार?

चहा_कमी_साखर

मी अकरा वर्षं एका निवासी केंद्रात समुपदेशक होते, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहिते.

उपयोग होतो. पण कुठल्या वेळेला होतो ते समजून घ्या. केंद्रात दिवस घड्याळाला बांधलेला असतो. योगासनं, प्रार्थना, गटचर्चा, व्याख्यान, वैयक्तिक समुपदेशन. मोकळी वेळ मिळते ती संध्याकाळच्या चहापासून जेवणापर्यंत. आणि नेमकी हीच वेळ वाईट! वर्षानुवर्षं सहा-साडेसहाला पाय गुत्त्याकडे वळलेले असतात, शरीराला ती वेळ पाठ असते. त्या दीड तासात माणूस चिडचिडा होतो, फोनसाठी भांडतो, घरी जायचं म्हणतो. टेबलावर काहीतरी मांडलेलं असेल तर ती वेळ सरते. आमच्याकडे कॅरमच्या बोर्डाचं लाकूड झिजून मध्ये खड्डा पडला होता, यावरून समजा.

आता काय चालत नाही. जेंगा, तो ठोकळ्यांचा मनोरा, नको. पहिल्या आठवड्यात हात थरथरतात. नुकत्याच आलेल्या माणसाला चार जणांदेखत तो ठोकळा काढायला लावणं म्हणजे त्याची थट्टाच झाली. आमच्याकडे कुणीतरी हौसेने आणून दिला होता, तो मीच कपाटात टाकला. तासाभराच्या वरचे खेळ नकोत, कारण मध्येच एकाला डॉक्टर बोलावतात, दुसऱ्याची बायको भेटायला येते. उठून गेलं तरी डाव मोडू नये असा खेळ लागतो. बारीक इंग्रजी मजकूर असलेले नकोत. एका टेबलावर रिक्षावाले, इंजिनिअर, माथाडी आणि बँकेतले साहेब बसलेले असतात, वय बावीस ते पासष्ट. इंग्रजी वाचता येणारा लगेच "हुशार" होतो आणि बाकीचे गप्प बसतात.

काचेची वाळूघड्याळं काढून घ्या. पोकरच्या चकत्या, खोट्या नोटांच्या गड्ड्या आधी विचारल्याशिवाय देऊ नका. पैसे नसले तरी पैज लागते. आमच्याकडे पारलेच्या पुड्यांवर रमी चालायची. एका महाशयांकडे उशीखाली सतरा पुडे सापडले होते.

आणि हो, खोक्यांवरची चित्रं बघा.

सहावा_भिडू

बापरे. चित्रं बघितली. माझ्याकडे टस्कनीत द्राक्षमळा लावून वाईन करायचा एक खेळ आहे. शिवाय 'रेड ड्रॅगन इन' आहे, त्यात सगळे भिडू गुत्त्यात बसलेले असतात आणि ज्याला जास्त चढेल तो बाद!! हे मी खरंच "देण्यासारखे" या ढिगात ठेवले होते.

झब्बूशेठ

😂😂 दुसरा मला द्या.

आज_फक्त

सहा वर्षं चार महिने झाले मला. नाव-गाव विचारू नये ही विनंती.

काही गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. "दारू सोडलेल्यांची संस्था" म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एए येतं, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला सुरू झालेली फेलोशिप. तिथे खोकी घेऊन गेलात तर चहा मिळेल, पण खोकी परत न्यावी लागतील. एएची सातवी परंपरा सांगते की प्रत्येक गटाने स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि बाहेरच्या देणग्या नाकाराव्यात. मीटिंगमध्ये पिशवी फिरते त्यात आम्हीच दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून भाडं आणि चहा. यात तुसडेपणा नाही. ज्याने आयुष्यभर उसनवारी केली त्याला स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः देण्यात काय वाटतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. शिवाय मीटिंग असते शाळेच्या नाहीतर चर्चच्या एखाद्या खोलीत, तास-दीड तास. कपाटच नाही तर खोकी ठेवणार कुठे?

म्हणून केंद्र बघा. पुण्यात मुक्तांगण आहेच, १९८६ पासून. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. उपचार पस्तीस दिवसांचे. अवचट स्वतः ओरिगामी, बासरी, लाकूडकाम यात रमणारे होते, हाताला चाळा हवा हे त्यांना सांगावं लागलं नसतं. मुंबईकडे कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे. लहान केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि माझ्या मते लहानांकडेच आधी विचारा. मोठ्यांकडे लोक आपणहून जातात.

पत्त्यांबद्दल झब्बूशेठना सांगतो. माझ्या बाबतीत दारू एकटी नव्हती, क्लबातली रमी जोडीला होती. जुगाराचं व्यसन मानसोपचाराच्या पुस्तकांतही आता दारूच्याच पंगतीला बसवलंय, २०१३ च्या डीएसएम-५ पासून. केंद्रात कुणी पत्ते पिसायला लागलं की त्या फर्रर आवाजाने माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. रमीचं नव्हे, रमचं. सगळ्यांचं असं होतं असं नाही. पण केंद्राने नको म्हटलं तर वाद घालू नका.

झब्बूशेठ

गंमतीत लिहिलं होतं, सॉरी. झब्बू आणि बदाम सात तरी चालतात का? उगाच कुतूहल.

आज_फक्त

अहो सॉरी कसलं. झब्बू चालतो. गाढव होण्याची आम्हाला सवय आहे.

मिनेसोटाची_माई

इकडे अमेरिकेत हाच प्रश्न लोकांनी गमतीदार पद्धतीने सोडवलाय. एएने मालमत्तेच्या भानगडीत पडू नये असं त्यांच्याच परंपरांत आहे, त्यामुळे बऱ्याच गावांत काही मेंबर वेगळी संस्था काढून जागा घेतात. तिला अलानो क्लब म्हणतात. क्लब एएचा नव्हे, एएचे गट तिथे भाड्याने मीटिंगा घेतात. मीटिंगच्या आधी-नंतर बसायला कॉफी, सोफे, पत्त्यांची टेबलं. उणे वीसमध्ये बारशिवाय दुसरीकडे कुठे बसणार माणूस? आमच्या शेजारचे आजोबा रोज क्रिबेज (पत्त्यांचा एक खेळ) खेळायला तिथे जातात. मी माझ्या मुलाचे नको असलेले खेळ तिथेच दिले, त्यांनी आनंदाने घेतले. क्लब वेगळा असल्याने चालतं.

दुसरी 'द फिनिक्स' नावाची संस्था आहे, २००६ ला कोलोरॅडोत सुरू झाली. फी नाही, अट एकच, आधीचे ४८ तास कोरडे हवेत. गिर्यारोहण, व्यायाम, योग असं एकत्र करतात. आपल्याकडे केंद्रातून बाहेर पडल्यावर संध्याकाळी *जाऊन बसायला* जागा आहे का? मला वाटतं धाग्याचा खरा प्रश्न तो आहे.

पेठेतली_पाल

आहे की. अमृततुल्य. दोन मिनिटांत "अजून काही?" विचारतात.

हिशेबनीस

एक कोरडा मुद्दा. वस्तुरूप देणगीवर आयकरातली (८०जीची) सवलत मिळत नाही, फक्त पैशांवर मिळते (त्यातही रोख दोन हजारांपर्यंतच). म्हणून संस्थेकडे "४१ खेळांची किंमत लिहून पावती द्या" असा आग्रह धरू नये. पोच हवी तर साध्या कागदावर घ्या.

पोथीवाला

सापशिडी नक्की द्या, आणि देताना तिचं मूळ सांगा. आपल्याकडचा मोक्षपट! ज्ञानेश्वरांनी तो रचला अशी परंपरेत समजूत आहे. कवड्या टाकून खेळायचा. सापांना दुर्गुणांची नावं, शिड्यांना सद्गुणांची, आणि सगळ्यात वर मोक्ष. इंग्रजांनी तो उचलला, नावं पुसली आणि मुलांचा खेळ केला. व्यसनमुक्ती केंद्रात मूळ पट टांगला तर काय बहार येईल! काम, क्रोध, लोभ, मद...

आज_फक्त

पोथीवाले, राग मानू नका, पण टांगू नका. तिथल्या प्रत्येकाला आपल्या दुर्गुणांची यादी बायको, आई, सासरे, साहेब अशा सगळ्यांनी आधीच वाचून दाखवलेली असते. सापशिडी साधीच असू द्या. अठ्ठ्याण्णववर गिळलं की कुणीतरी "स्लिप झाली रे याची" (म्हणजे परत प्यायला) म्हणून ओरडतोच. हा विनोद दर बॅचमध्ये नव्याने शोधला जातो. तो आम्ही केला की विनोद, भिंतीवर कुणी लिहिला की प्रवचन.

पोथीवाला

पटलं. शब्द मागे.

सावली_दुपारची

मी बायको आहे. म्हणजे अशा एकाची. दहा वर्षं वाचनमात्र आहे इथे, आज पहिल्यांदा लिहितेय.

केंद्रात सगळं ठीक असतं हो. तिथे लोक आहेत, वेळापत्रक आहे. नवरा पस्तीस दिवसांनी घरी आला तेव्हा पहिल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो आणि कुणाला काही बोलायलाच सुचेना. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. बाबा घरी आहे, शुद्धीत आहे, आता याच्याशी काय करतात हेच तिला माहीत नव्हतं. टीव्ही लावला तर पहिल्याच सीनमध्ये ग्लास. बंद केला. मग तिने तिची उनो आणली. त्याला येत नव्हतं. तिने त्याला शिकवलं, आणि चुकल्यावर ओरडली. घरात त्याच्यावर कुणी *ओरडलं* आणि तो नुसता हसला, असं कित्येक वर्षांनी झालं.

मुक्तांगणात बायकांचा सहचरी नावाचा गट आहे, तिथे मी हे सांगितलं तेव्हा चार जणी म्हणाल्या आमच्याकडेही रविवार जड जातो. म्हणून माझं म्हणणं असं की सगळे खेळ केंद्राच्या कपाटात ठेवू नका. छोटे, खिशात मावणारे दोन-चार घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात द्यायला सांगा. परत मागायचे नाहीत.

चहा_कमी_साखर

हे आम्हाला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. सावली, लिहीत जा.

शब्दखूळ

कोडनेम्स म्हणजे एका शब्दाच्या इशाऱ्यावरून मांडलेले शब्द ओळखायचा खेळ. त्याचं इंग्रजी ही अडचण सहज सुटते. पाच बाय पाच असे २५ शब्दच तर मांडायचे असतात. जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे मराठी शब्द लिहा. दोनेक अर्थांचे निवडा म्हणजे मजा येते: कळ, पाट, मान, वर, तीर, रस, जात, पान, कर, माळ. रंगांचा नकाशा मूळचाच वापरा, त्यावर अक्षर नाही. इथेच जमवू या, प्रत्येकाने दहा शब्द द्या. मी सुबक अक्षरात लिहून कुरिअर करेन.

पेठेतली_पाल

तार, फळी, खार, चाल, नाद, काठ, अंक, सूर, पूर, दर. बार मुद्दाम गाळलाय.

(नाद राहू द्यावा की काढावा?)

आज_फक्त

राहू द्या. नाद एकच थोडा असतो.

सहावा_भिडू

यादी छाटली. ४१ पैकी १६ उरले. सुटे भाग मोजतोय. डिक्सिटची ८४ चित्रं पूर्ण आहेत, स्क्रॅबलच्या शंभरात तीन कमी (पण ते इंग्रजी, म्हणून तसंही बाहेर). पॅन्डेमिकचं काय करू? सगळे मिळून रोगाशी लढतात, हरले तर सगळे हरतात, कल्पना छान आहे. पण करोनानंतर?

चहा_कमी_साखर

पॅन्डेमिकला तासभर लागतो आणि कार्डांवर इंग्रजी. त्यात एक शहाणा बाकीच्यांच्या चाली ठरवायला लागतो. आधीच सगळे त्यांच्या चाली ठरवत असतात. राहू द्या. डिक्सिट उत्तम. अक्षर नाही, आणि चित्राबद्दल एकच वाक्य बोलायचं. जो गटात तोंड उघडत नाही तो त्या चित्रावर बोलतो. व्यापारही द्या.

हिशेबनीस

व्यापार? दिवाळखोरीचा खेळ? ज्यांनी खरोखर घरदार गहाण टाकलंय त्यांना?

आज_फक्त

तोच सगळ्यात जास्त चालतो. मी खरा फ्लॅट घालवला होता. खेळात दादर घेतलं, तिथे हॉटेल बांधलं आणि एका पोलीस हवालदाराकडून भाडं वसूल केलं. त्या रात्री मी झोपेच्या गोळीशिवाय झोपलो. फक्त लवकर आटपायचा, जेवणाची घंटा झाली की ज्याच्याकडे जास्त तो जिंकला.

पेठेतली_पाल

सगळं झालं, पण मुळातलं राहिलं. सहावे भिडू, "शाळा सुचवू नका, ठरवून बाजूला ठेवलंय" असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत. व्यसनमुक्ती केंद्रच का? सांगायचं नसेल तर राहू द्या.

सहावा_भिडू

अपेक्षा होती कुणीतरी विचारेल.

आमच्या सहांतला एक. २०१८ च्या जूनमध्ये त्याने दारू सोडली. आम्हाला म्हणाला, डॉक्टरांनी लिव्हरसाठी सांगितलंय. आम्ही "वा वा" केलं आणि त्याच्यासाठी लिंबू सरबत ठेवायला लागलो. आम्ही स्वतः बिअर घेतच होतो. टेबलावर, खेळाच्या मधोमध. ओल्या ग्लासांचे गोल डाग आहेत कॅटनच्या पाटीवर अजून. तो तीन-चार रविवार आला. मग पाठदुखी, मग आईची तब्येत, मग "या आठवड्यात नाही जमत". आम्ही म्हणायचो, साला आळशी झाला. पाचांत खेळायला लागलो. दोन वर्षं पाचच जण खेळत होतो आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाटल्या आत ठेवल्या असत्या तर तो आला असता. परवा खोकी पुसताना ते डाग दिसले.

माझं नाव इथे सहावा_भिडू आहे, पण सहावा तो होता. मी हे आयडी २०१९ ला घेतलं, गंमत म्हणून.

सावली_दुपारची

त्याला कळवलंत का हे?

सहावा_भिडू

नाही. पाच वर्षांत वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे बोललेलो नाही. काय बोलू?

आज_फक्त

फोन नको. फोन घ्यायचा की नाही हे त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागेल. मेसेज करा. खेळ कुणाला देताय ते लिहा, त्याला एखादा हवा असेल तर विचारा. माफीचं पारायण नको, ते वाचणाऱ्याला पेलावं लागतं. आणि उत्तर नाही आलं तर परत पाठवू नका.

झब्बूशेठ

+१. आणि 'रेड ड्रॅगन इन' नको मला. रद्दीत घाला.

सहावा_भिडू

दोन आठवड्यांनी अपडेट.

जिल्ह्यातल्या एका लहान केंद्राला फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिलंच वाक्य विचारलं, "शिकवायला कोण येणार?" मी म्हटलं, आत नियमांची पुस्तिका आहे. त्या म्हणाल्या, पुस्तिका आमच्या कपाटात भरपूर आहेत. मग ठरलं की सलग चार रविवार चार ते साडेपाच मी जायचं. अटी: फोटो नाही, कुणाचं आडनाव विचारायचं नाही, बाहेर दिसले तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. सोळांतले नऊ घेतले. पत्ते त्यांनी स्वतःच नको म्हटले.

पहिला रविवार झाला. डिक्सिट मांडलं. सात जण बसले, दोन नुसते बघत होते. पंधरा मिनिटं कुणी बोलेना, मला घाम फुटला. मग एका काकांनी कार्ड पालथं टाकलं आणि म्हणाले, "पगाराचा दिवस." सगळ्यांनी आपापली चित्रं टाकली. एकाने समुद्रातली बोट टाकली, एकाने रिकामा पिंजरा, एकाने बुडबुडे. हसून हसून खोकला लागला एकाला. गुण मोजायचे राहूनच गेले. मराठी कोडनेम्स पुढच्या वेळी. शब्दखूळ, कार्डं मिळाली, अक्षर खरंच सुरेख आहे. घरी न्यायला उनोचे दोन्ही संच वेगळे दिलेत, सावली यांच्या सांगण्यावरून. बाईंनी कारण विचारलं नाही, लगेच ड्रॉवरमध्ये ठेवले.

कॅरमची फळी त्यांच्याकडे आहे, पण स्ट्रायकर हरवलाय, गोट्यांत एक पांढरी कमी. आठ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि राणी अशी अवस्था आहे. कुणाकडे जुना संच पडला असेल तर सांगा.

मेसेज केला होता मित्राला, यादी जोडून. चार दिवस उत्तर नव्हतं. काल रात्री आलं. दोन ओळी आहेत, तशाच देतो:

"कॅटन देऊ नकोस, ते माझं आहे.
निळा रस्ता माझ्याकडे आहे."

पेठेतली_पाल

स्ट्रायकर आहे माझ्याकडे. पांढऱ्या गोट्याही. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.